करोडगिरीच्या बंगल्यातल्या डॉक्टरीणबाई

बाई,

भेटायला येणारी माणसं आता कमी झाली. आधी अंगणात चपलांचा ढीग असायचा. जो येईल तो तुमच्याबद्दल सांगायचा. कुणी बायकोच्या अडलेल्या बाळंतपणाचं, कुणी बापाच्या दम्याचं, कुणी सुनेला पान लागलं, म्हणजे साप चावला, तेव्हाचं. सांगून झालं की माणूस माझ्याकडं बघायचं आणि गप्प व्हायचं. नवरा गेला तर बाईचं सांत्वन करता येतं, लेक गेला तर आईचं. भावजय गेली म्हणून म्हाताऱ्या नणंदेपाशी काय बोलावं, हे कुणाला सुचत नव्हतं. चहा पिऊन उठायचे. त्यांचा दोष नाही. त्यांच्या वाट्याला जेवढ्या तुम्ही आला होतात तेवढ्यापुरते ते रडले. उरलेलं मला बोलायचं आहे, आणि ते ऐकायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

परवा एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, तुमची आणि डॉक्टरीणबाईंची पहिली भेट कधी झाली? मी म्हटलं, बहात्तरच्या दुष्काळात. पुढचं बोलले नाही. तुम्ही आलात तेव्हा मी मेलेली होते, हे त्यांना कसं सांगू?

मुरुडहून बार्शीकडं जाणाऱ्या वाटेवरचा हा बंगला निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा. इथून पुढं इंग्रजांचा मुलूख लागायचा, म्हणून मालाच्या गाड्या इथं अडवायचे. खाली दगडी कोठड्या, वर साहेबाची एकच मोठी खोली, खिडक्यांना बोटाएवढे जाड गज. निजामाचं राज्य गेलं, जकात उठली, आणि आमच्या वडलांनी धान्य साठवायला म्हणून बंगला घेतला. माझी सोयरीक उदगीरच्या एका व्यापारी घरात ठरली होती. त्याच उन्हाळ्यात माझ्या गालावर पांढुरका चट्टा उठला आणि करंगळी वाकायला लागली. वडलांनी गुपचूप बिदरच्या एका हकिमाला दाखवलं. हकीम हात धुऊन आला एवढंच मला आठवतं.

महारोगाची पोर घरात आहे असं कळलं असतं तर माझ्या भावाला, अण्णाला, कुणी मुलगी दिली नसती, दुकानावर गिऱ्हाईक चढलं नसतं. वडलांनी गावात सांगितलं, आमची महादेवी तिच्या आत्याकडं राहायला गेली होती, तिथं तापानं गेली. आमच्यात माणसाला पुरतात. बंगल्यामागच्या शेतात माती उकरली, वर दगड बसवला, त्यावर माझं नाव घातलं. मला एका पहाटे गाडीतून आणून वरच्या खोलीत ठेवलं. खिडकीतून माझी समाधी मला रोज दिसायची. आई असेपर्यंत तिथं बेल वाहायची आणि मग जेवण घेऊन वर यायची. दोन्हीकडं तिचे डोळे सारखेच रडलेले असायचे.

मला कुणीच पाहिलं नाही असं नव्हतं. भर दुपारी रानातून जाणाऱ्या बायकांना गजांमागं पांढरं लुगडं दिसायचं. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की जकात चुकवली म्हणून निजामाच्या शिपायांनी कोंडून मारलेली ती बाई आहे. वडलांनी कधी नाही म्हटलं नाही. भुतामुळं कुणी बंगल्याकडं फिरकत नव्हतं, ते त्यांच्या सोयीचंच होतं. पुढं आई गेली, मग वडील गेले. अण्णानं लग्न केलंच नाही. ज्या लग्नासाठी मला मारलं तेच झालं नाही.

मग पाऊस गेला. आधी एक साल, मग दुसरं. रस्त्याचं दुष्काळी काम बंगल्यासमोर आलं. खडी फोडायला आलेल्या माणसांची पालं माळावर पडली. मला वरून सगळं दिसायचं. दिवसभर हातोड्यांचा आवाज, संध्याकाळी सरकारी खाऊच्या, सुकडीच्या रांगा. पाणी टँकरनं यायचं आणि गढूळ यायचं. बंगल्याच्या विहिरीला पाणी होतं, पण भुताच्या विहिरीवर कुणी येत नव्हतं. अण्णा स्वतः जाऊन सांगून आला, या, पाणी न्या. कुणी आलं नाही. पालांमध्ये हगवण-उलटी सुरू झाली, आणि सरकारी जीपमधून तुम्ही उतरलात.

फिक्या निळ्या काठाचं पातळ, डोक्यावर पदर नाही, हातात स्वतःची पेटी. नांदेडची मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली. तुम्ही अण्णाला म्हणालात, "मला खालच्या कोठड्या हव्यात. आणि ती विहीर."

अण्णा म्हणाला, "घ्या. फक्त वर जाऊ नका. जिना पडायला झालाय."

"पडायला झालेल्या जिन्यावर ताट घेऊन कोण जातं?" तुम्ही विचारलंत. मी खिडकीपासून मागं सरले. आल्या दिवशीच तुम्ही ताट पाहिलं होतं.

तुम्ही लगेच वर आला नाहीत, हे मी नंतर कितीदा आठवलं. खाली माणसं मरत होती. तुम्ही विहिरीचं पाणी उकळून त्यात मीठ-साखर घालत होतात, बाटल्या लटकवत होतात. बंगल्यात राहणाऱ्या आजाऱ्यांना भुताचं भय कमी, मरणाचं जास्त होतं. मी फळ्यांना कान लावून तुमचा आवाज ऐकायचे. मला तुमचा आवाज ओळखता यायला लागला. मग एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, जिना वाजला. अण्णाचं पाऊल नव्हतं. मी लुगड्यात तोंड लपवून कोपऱ्यात बसले.

तुम्ही किंचाळला नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर बसलात. "हात दाखव," म्हणालात. कापसाची वात करून बोटांवरून फिरवलीत. "डोळे मीट. कळतंय का?" मला काही कळत नव्हतं. बोटांची टोकं तुम्ही उजेडात धरलीत. "हे काय चावलंय?"

"उंदीर," मी म्हटलं. "झोपेत. दुखत नाही, म्हणून जाग येत नाही."

तुम्ही माझा हात सोडला नाहीत. मग म्हणालात, "औषध का घेतलं नाहीस इतकी वर्षं?"

"मेलेल्या माणसाला कोण औषध देतं, बाई?" मी खिडकीतून दगड दाखवला. तुम्ही उठून गजाशी गेलात आणि तो वाचलात.

त्यानंतर खाली अंगणात तुमचं आणि अण्णाचं जे झालं ते मी अक्षर न् अक्षर ऐकलं. तुम्ही ओरडत नव्हतात, म्हणून जास्त ऐकू आलं.

"तुम्ही जिवंत बहिणीला पुरलंत."

"वडलांनी पुरलं," अण्णा म्हणाला. "मी उकरून काढलं नाही, एवढाच माझा गुन्हा."

"तो थोडा वाटतो तुम्हाला?"

"नाही," अण्णा म्हणाला. "म्हणून तर इथंच राहतो. तिला सोडून कुठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढऱ्या गोळ्या आणल्यात, आणि झोळीतून एक मांजराचं पिल्लू काढलंत. म्हणालात, "हे उंदरांवरचं औषध." त्या रात्रीपासून मला कुणी कुरतडलं नाही.

पण लपवलेलं कधी ना कधी बाहेर येतंच. खाली दाखल असलेली एक बाई जिन्याशी आली आणि मला पाहून गेली. भूत नाही, महारोगी बाई आहे, हे पालांवर पोचायला वेळ लागला नाही. भुताच्या घरात राहिलेली माणसं महारोग्याच्या घरात राहीनात. सलाईनच्या सुया काढून, लेकरं उचलून निघाली. तुम्ही दारात उभं राहून समजावत होतात. हा असा पसरत नाही, पाण्यातून तर मुळीच नाही, औषधानं बरा होतो. कुणी ऐकत नव्हतं. मी वरून बघत होते. ती लेकरं परत त्या गढूळ पाण्याकडं निघाली होती. मला राहवलं नाही. मी जिना उतरले. किती वर्षांनी उतरले ते मला मोजता येत नव्हतं. मला वाटलं, त्यांनी मला नीट पाहावं आणि मारायचं तर मला मारावं, पण लेकरं परत आणावीत.

मला बघून सगळे थबकले. एकजण दगड उचलायला वाकला. तुम्ही माझ्यापुढं येऊन उभ्या राहिलात. अण्णा तुमच्या शेजारी आला. तेवढ्यात एक सुरकुतलेली म्हातारी गर्दीतून पुढं आली. तिच्या काखेत नातू होता, मान टाकलेला. तिनं माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं.

"हिच्याच घरचं पाणी पाजून राहिलाव ना इतके दिस?" तिनं विचारलं.

"हो आजी," तुम्ही म्हणालात.

"मंग मेलं न्हाई ते त्यानं. बिनपाण्याचं मरून राहिलंय." ती लोकांकडं वळली. "भूत असंल न्हाईतर रोगी असंल. पाणी तर हाय. तुम्हाला जायचं तं जावा."

ती आत गेली आणि नातवाला त्याच्या जागेवर निजवलं. दगड उचललेल्या माणसानं तो रस्त्याच्या खडीत टाकला. हळूहळू निम्मी माणसं परतली. उरलेली परतली नाहीत, आणि त्यांच्यातली काही लेकरं गेली. तुम्ही ती कधी विसरला नाहीत. लोक तुमच्या हाताला यश आहे म्हणायचे तेव्हा तुमचा चेहरा उतरायचा, त्याचं कारण मला माहीत होतं.

दुष्काळ सरला, पालं उठली, रस्ता तसाच अर्धा राहिला. तुमची बदली नांदेडला आली. घरापाशी जायला मिळत होतं, आणि तुम्ही नोकरी सोडलीत. मुरुडात भाड्यानं खोली घेतलीत आणि आमच्या खालच्या कोठडीत दवाखाना घातलात. लोकांना वाटलं, डॉक्टरीण सेवाभावी आहे. मी वरून बघत होते, मला जास्त कळत होतं. अण्णा, ज्यानं कधी चहा केला नव्हता, तो तुमच्या सुया उकळायला शिकला. उन्हात तुम्ही चालत यायचात म्हणून त्यानं वाटेच्या कडेला कडुलिंबाची झाडं लावली आणि घागरीनं पाणी घालून जगवली. तुम्ही येताना एकेका झाडापाशी रेंगाळायचात. झाडं तुमच्या कमरेएवढी होती, सावली मांजराला पुरली नसती. तरी रेंगाळायचात.

त्यानं विचारलं ते दवाखान्याच्या पायरीवर. तुम्ही म्हणालात, "करते लग्न. पण महादेवी मांडवात पुढं बसेल. तुमच्या सगळ्या भावकीसमोर. जमेल?"

अण्णा म्हणाला, "थोडा वेळ द्या."

त्या थोड्या वेळाची सात-आठ वर्षं झाली. अण्णा वाईट नव्हता, भित्रा होता. मला समोर बसवायचं म्हणजे मेलेल्या वडलांना खोटं पाडायचं. तो रोज ठरवायचा आणि रोज मोडायचा. तुम्हीही हटला नाहीत. संध्याकाळी दवाखाना बंद करून एकटीच मुरुडच्या खोलीवर जायचात, एकटीपुरती भाकरी थापायचात. गाव काय बोलत होतं तेही तुम्हाला ऐकू येत होतं.

त्यावरूनच आपलं भांडण. ते काही मिटलं नाही, बाई. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, माझं नाव मध्ये घालू नका. कोर्टात जाऊन लग्न करा, मी वर आहे तशी बरी आहे. तुम्ही म्हणायचात, "ज्या घरात तू वर आणि मी खाली, त्या घरात मला नांदायचं नाही."

"मी मागितलं होतं का हे तुमच्याकडं?"

"नाही मागितलंस."

"मग तुमची ऐन वर्षं माझ्या नावावर का मांडता?"

"तुझ्या नावावर कोण मांडतंय? माझीच होती, मी खर्च केली," असं म्हणून तुम्ही माझे हात कोमट पाण्यात बुडवायचात आणि तेल चोळायला लागायचात. त्या हातांना तुमचा हात कळत नव्हता, म्हणून मी तुमच्या बोटांकडं बघत राहायचे. आजही मला वाटतं, तुमचं चुकलं. तुम्ही सुखाची वर्षं घालवलीत. आणि आजही मला हे कबूल करावं लागतं की तुम्ही हटला असतात तर मी त्याच खोलीत मेले असते, आणि या खेपेला दगड नवा लागला नसता.

मग लातूरचा जिल्हा झाला. लोक पेढे वाटत होते, बसवरच्या पाट्या बदलत होत्या. अण्णा लातूरला मिरवणूक बघून आला. काय त्याच्या मनात आलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन मागच्या शेतात गेला. तुम्ही दवाखान्यातून, मी खिडकीतून बघत होतो. त्यानं माझा दगड उपटला, बैलगाडीत घातला आणि गाडी मुद्दाम गावातून, बाजारपेठेतून फिरवून आणली. भावकीतल्या एकानं अडवलं. "नागनाथ, हे काय?"

"महादेवीचा दगड," अण्णा म्हणाला. "ती जिवंत आहे. वडील खोटं बोलले, मी पण बोललो. तिला नको आहे आता हा." तो दगड त्यानं विहिरीपाशी उलटा घातला. पुढं त्यावर आपण कपडे धुतले.

मांडव घातला नाही, घातला असता तर कुणी आलं नसतं. तुम्ही म्हणालात, चालेल, लातूरला नोंदणीनं करू, महादेवी साक्षीदार. जिल्ह्याच्या त्या नव्या कचेरीत रंगाचा वास होता, टेबलं व्हरांड्यात होती. कारकुनानं माझे हात पाहिले आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. "अंगठा चालतो, बाई."

"ती सही करेल," तुम्ही म्हणालात. तुम्ही पर्समधून रबर काढलंत आणि पेन माझ्या बोटांना बांधलंत. मागं रांग होती. कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी लांब सरकलं. आतल्या साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "सावकाश करा. घाई नाही." मी माझं पूर्ण नाव लिहिलं. नाव लिहून झाल्यावर मला रडू आलं, आणि लग्न लागलेली बाई तुम्ही असून तुम्हीच माझे डोळे पुसत होतात.

त्यानंतरची वर्षं सुखाची होती. सुखाच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. नव्या जिल्ह्यात नवी औषधं आली, माझा रोग गेला, वाकलेली बोटं तेवढी राहिली. अण्णा गेला, त्याला मागच्या शेतात पुरलं. आपण दोघी उरलो. मग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी औषधांची नावं, मग माणसांची. शेवटी दुपार झाली की तुम्ही पेटी शोधायचात आणि जिना चढायला लागायचात. "वर पेशंट आहे," म्हणायचात. मी खाली तुमच्यासमोर बसलेली असायचे, तरी. मी आधी अडवायचे. मग ते सोडून दिलं. तुमच्या पुढं होऊन वर जाऊन बसायचे. तुम्ही दम खात यायचात, मला बघून तुमचा जीव भांड्यात पडायचा. "आहेस," म्हणायचात. एवढंच. शेवटच्या दुपारीही तेच म्हणालात, आणि भिंतीला टेकलात.

तुमच्या इच्छेप्रमाणं जाळलं, पुरलं नाही. अस्थी गोदावरीत सोडायला नांदेडला मीच गेले. भावकीतली पोरं जायला तयार होती. मी म्हटलं, माहेरी पोचवायला नणंद गेली पाहिजे. यंदा पुन्हा पाऊस नाही, लातूरला रेल्वेनं पाणी आणतायत. गोदावरीत डबकी होती. घाटावरच्या भटजींनी विचारलं, "कोण लागता?" मी सांगितलं. ते म्हणाले, पाणी थोडं आहे, जरा पुढं जा. मी चिखलातून पुढं गेले आणि जिथं प्रवाह हलत होता तिथं तुम्हाला सोडलं. तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. तसंच उभं राहून गावाकडं पाहिलं.

परतीच्या बसला गर्दी होती. मी खिडकीशी, हात पदराखाली. अहमदपूरला एक तरुण बाई चढली, काखेत लेकरू, हातात दोन पिशव्या. वर पिशवी ठेवायला तिला हात पुरेना. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, जरा धरा हो ह्याला." मी हात पदराखालून काढले, तिला दिसावेत म्हणून. तिला दिसले. "धरा की," ती म्हणाली आणि लेकरू माझ्या मांडीवर दिलं.

बाई, मी आजवर लेकरू घेतलं नव्हतं. कुणी दिलं नव्हतं आणि मी मागितलं नव्हतं. ते जड होतं, गरम होतं, त्याला घामाचा आणि दुधाचा वास होता. पिशव्या ठेवून झाल्या तरी तिनं परत मागितलं नाही, उभ्या उभ्या डुलक्या खाऊ लागली. लातूर येईपर्यंत ते माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी हलले नाही, पायाला मुंग्या आल्या तरी.

मुरुडचा फाटा आला तशी मी घाईनं उतरले. उन्हातून जवळजवळ पळतच आले. वाटेवर एकच विचार होता, बाईंना सांगायचं. कुलूप उघडलं, दारातूनच हाक मारली, आणि आत येऊन तुमच्या खुर्चीसमोर उभी राहिले तेव्हा कळलं. तिथंच बसले. मग म्हटलं, आता हे लिहूनच सांगावं.